आईनंतरचे घर : संत झेली मार्टिन आणि त्यांच्या पाच मुली

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात कोणा घरी कर्करोगाचे निदान झाले, की त्या घरापुढे बहुधा दोन वाटा असतात. एक वाट बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जाते, तर दुसरी कोकण रेल्वेने मुंबईला, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे. १९४१ साली सुरू झालेल्या ह्या रुग्णालयाजवळच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस ह्या गोमंतकीय शल्यविशारदांचे नाव दिलेले आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या अनेकांना ते नाव प्रथम कळते ते हातात तपासण्यांची फाइल घेऊन त्या रस्त्याने जाताना. आई रुग्णालयात, वडील तिच्या सोबतीला आणि मुले मामाकडे किंवा मावशीकडे, हे चित्र आपल्या धर्मग्रामांत नवे राहिलेले नाही. काही जण बरे होऊन परततात, काहींच्या बाबतीत तसे होत नाही. दफनविधी होतो, सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची मिस्सा होते, पाहुणे आपापल्या गावी जातात. त्यानंतर घरात जी माणसे उरतात त्यांचे पुढे काय होते, ह्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही.

अशा एका घराची हकीकत ख्रिस्तसभेला बारीकसारीक तपशिलांसह ठाऊक आहे. ते घर फ्रान्समधले. त्या घरातील आईने आपल्या भावाला, बहिणीला, भावजयीला आणि मुलींना लिहिलेली दोनशेहून अधिक पत्रे सुदैवाने जपली गेली. त्या घरातील सर्वांत धाकट्या मुलीने पुढे मठात असताना वरिष्ठांच्या आज्ञेवरून आपल्या बालपणीच्या आठवणी लिहून काढल्या. ती धाकटी मुलगी म्हणजे बाळ येशूची संत तेरेजा, जिची हातात क्रूस आणि गुलाबाची फुले धरलेली प्रतिमा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. तिच्या आईचा, संत झेली मार्टिन ह्यांचा, आणि वडील संत लुई मार्टिन ह्यांचा सण १२ जुलै रोजी साजरा होतो. तेरेजाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. ती साडेचार वर्षांची असताना तिची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, ही गोष्ट मात्र चरित्रातल्या एका वाक्यात उरकली जाते. प्रस्तुत लेखात त्या एका वाक्यापाशी थोडे थांबायचे आहे.

झेली गेरँ ह्यांचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी नॉर्मंडी प्रांतातील एका खेड्यात झाला. वडील सैन्यातून पोलीस दलात आलेले, आई कडक स्वभावाची. घरात तीन भावंडे होती. थोरली बहीण पुढे ल माँ शहरातील व्हिजिटेशन मठात धर्मभगिनी झाली आणि धाकटा भाऊ इसिदोर लिझ्यू गावी औषधविक्रेता झाला. झेली लहान असतानाच हे कुटुंब आलाँसाँ ह्या गावी राहावयास आले. तरुणपणी झेली ह्यांनाही धर्मभगिनी व्हावयाचे होते, परंतु संत विन्सेंट दि पॉल ह्यांच्या धर्मभगिनींनी त्यांना प्रवेश दिला नाही. तेव्हा त्यांनी गावची प्रसिद्ध लेस विणण्याची कला शिकून घेतली आणि १८५३ च्या सुमारास स्वतःचा व्यवसाय उभा केला.

ह्या लेसविषयी दोन शब्द सांगावयास हवेत, कारण ह्या घराची मिळकत आणि ह्या आईचे दिवस-रात्र तिच्यावरच गेले. सुई आणि दोरा ह्यांनीच ही लेस केली जाते. एक चौरस सेंटिमीटर काम पुरे व्हावयास सुमारे सात तास लागतात आणि कारागीर पूर्ण तयार होण्यास सात ते दहा वर्षे. २०१० साली युनेस्कोने ह्या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. एक बाई एका प्रकारचा टाका घाली, दुसरी दुसऱ्या प्रकारचा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांचे काम जसे अनेक हातांखालून जाते, तसाच हा प्रकार. बायका घरी बसून आपापला तुकडा विणीत आणि गुरुवारी झेलीबाईंकडे आणून देत. ते तुकडे सांधा दिसू नये अशा रीतीने जोडण्याचे सर्वांत नाजूक काम त्या स्वतः करीत. मागणी वाढली की पहाटे उठून आणि रात्री दिव्यापाशी बसून हे काम चाले.

१३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, त्या काळच्या रीतीप्रमाणे, आलाँसाँच्या नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचा लुई मार्टिन ह्यांच्याशी विवाह झाला. लुई तेव्हा चौतीस वर्षांचे होते. व्यवसायाने घड्याळजी, स्वभावाने शांत, मासेमारीचे आणि पायी हिंडण्याचे शौकीन. त्यांनाही तरुणपणी आल्प्स पर्वतातील मठात प्रवेश हवा होता, पण लॅटिन येत नसल्यामुळे तो मिळाला नव्हता. त्याच वर्षी फ्रान्सच्या दक्षिणेला लुर्ड्स येथे पवित्र मरियेची दर्शने घडत होती. शेवटचे दर्शन ह्या विवाहानंतर तीनच दिवसांनी झाले. ह्या दांपत्यापैकी झेलीबाईंना त्या गावाची वाट एकोणीस वर्षांनी धरावी लागणार होती.

त्यांना नऊ अपत्ये झाली. दोन मुलगे आणि एक तान्ही मुलगी वर्षभरही जगली नाहीत, आणि पाच वर्षांची हेलन १८७० साली गेली. पाच मुली वाचल्या : मरी, पोलीन, लिओनी, सेलीन आणि १८७३ च्या २ जानेवारीला जन्मलेली तेरेजा. तेव्हा ह्या घराला दुःखाची ओळख नव्हती असे नाही. उलट, मृत्यू त्या घरी वारंवार येऊन गेला होता. मूल गेल्यावर नव्याने मूल होण्यापेक्षा मुळात ते झालेच नसते तर बरे, असे काही शेजारणी बोलून दाखवीत. झेलीबाईंना ते मुळीच पटत नसे. आपली गेलेली मुले आपल्याला पुन्हा भेटणार आहेत, अशी त्यांची पक्की समजूत होती आणि ती त्यांनी पत्रांतून अनेकदा लिहून ठेवली आहे. तरीही हेलन गेली तेव्हा त्या खचल्या होत्या, हेही त्याच पत्रांतून दिसते. श्रद्धा असली म्हणजे रडू येत नाही, हा समज आपल्याकडे कोठून आला कोण जाणे.

१८७० साली लुई ह्यांनी आपले घड्याळाचे दुकान पुतण्यास विकले आणि पत्नीच्या व्यवसायाचा हिशेब, प्रवास व व्यवहार पाहावयास घेतला. एकोणिसाव्या शतकातील कोणा गृहस्थाने बायकोच्या धंद्यासाठी आपला धंदा सोडावा, ही गोष्ट आजच्या कोकणातही चर्चेचा विषय झाली असती.

आता त्या गाठीकडे वळू. १८६५ साली झेलीबाईंनी आपल्या भावास कळविले होते की स्तनात एक गाठ आहे. मुलगी असताना टेबलाच्या कोपऱ्याचा मार लागला होता, तिथेच ती होती. भाऊ औषधविक्रेता होता, म्हणून विचारणा केली. त्यावर काही ठोस उपचार झाल्याचे दिसत नाही. फार दुखत नव्हते, अंगावर मुले होती, लेसच्या मागण्या होत्या. मुलांना अंगावर पाजणे जमेना तेव्हा खेड्यातील दाया शोधाव्या लागल्या. त्यांतल्या एकीच्या निष्काळजीपणाने तान्ही मेलानी उपासमारीने गेली, तर दुसऱ्या एका दाईने, सेमाले गावच्या रोझ ताइये ह्या शेतकरीण बाईने, मरणाच्या दारात असलेल्या तेरेजेला वर्षभर आपल्या घरी ठेवून वाचविले. अशी अकरा वर्षे गेली. दुखत नाही म्हणून गाठ दाखवावयाची नाही, ही सवय तेव्हाच्या आलाँसाँपुरती नव्हती. आपल्या घरांतील आयाबहिणींनी हे वाक्य वाचून क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

१८७६ च्या हिवाळ्यात दुखणे वाढले. डिसेंबरात गावातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की ही गाठ गंभीर आहे आणि शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही. त्यांनी औषधाची चिठ्ठी लिहून दिली. तिचा काय उपयोग, असे झेलीबाईंनी सरळ विचारले, तेव्हा रोग्याच्या समाधानासाठी, असे त्या प्रामाणिक गृहस्थाने कबूल केले. नाताळच्या सुमारास लिझ्यूला भावाकडे जाऊन दुसऱ्या शल्यविशारदाचे मत घेतले, तेही तेच निघाले. फार उशीर झाला होता. तो काळही लक्षात घ्यावयास हवा. भूल देण्याची सोय १८४६ पासून झाली होती, जंतुनाशक वापरून शस्त्रक्रिया करण्याची लिस्टर ह्यांची पद्धत १८६७ साली प्रसिद्ध होऊन हळूहळू पसरत होती. परंतु क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला आणि रेडियमचा १८९८ मधला. वेळेवर कळलेल्या अनेक गाठी आज बऱ्या होतात. त्या वेळी झेलीबाईंच्या वाट्यास जे आले त्याला इलाज नव्हता.

ह्यानंतर त्यांनी जे केले त्याविषयी विचार करावासा वाटतो. गावातील डॉक्टरांकडून त्या घरी आल्या आणि त्यांनी नवऱ्याला व मुलींना सगळे सांगून टाकले. घरात रडारड झाली. लिओनी तर हुंदके देऊन रडू लागली. झेलीबाईंना लगेच पश्चात्ताप झाला आणि त्या ज्यांना ज्यांना अशी गाठ असूनही दहा-पंधरा वर्षे जगल्याचे ऐकले होते त्यांची नावे सांगून सर्वांची समजूत काढू लागल्या. लुई ह्यांनी आपल्या मासेमारीच्या काठ्या माळ्यावर नेऊन टाकल्या आणि मित्रांच्या बैठकीला जाणे बंद केले. आपल्याकडे बहुधा ह्याच्या उलट घडते. रोग्याला सांगावयाचे नाही, मुलांना तर नाहीच. सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणीच बोलत नाही. मार्टिन कुटुंबाची रीत अधिक सोपी होती असे म्हणवत नाही. ती पहिल्या दिवशी फार जड गेली. मात्र त्यामुळे पुढचे आठ महिने त्या घरात आई, वडील आणि थोरल्या मुली खरे बोलू शकल्या, पुढची तजवीज एकत्र करू शकल्या.

झेलीबाईंना स्वतःच्या मरणाइतकीच लिओनीची काळजी होती. चौदा वर्षांची ही मुलगी लहानपणापासून आजारी, अभ्यासात मागे, हट्टी; मावशीच्या मठातील शाळेनेही तिला ठेवून घेतले नव्हते. १८७७ च्या वसंतात थोरल्या मरीच्या लक्षात आले, की घरातील मोलकरीण लिओनीला गुप्तपणे धाकात ठेवते आहे, इतके की मुलगी आईजवळ यावयासही भीत होती. आईला हा धक्का आजारापेक्षा मोठा होता. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत हे घडले, हे त्यांना फार लागले. त्या दिवसापासून लिओनी आईला बिलगू लागली, आणि ह्या मुलीसाठी तरी आपल्याला आयुष्य मिळावे असे त्या म्हणू लागल्या. त्याच फेब्रुवारीत मठातील बहीण क्षयाने गेली होती.

जूनमध्ये त्या मरी, पोलीन आणि लिओनी ह्यांना घेऊन लुर्ड्सला गेल्या. रेल्वेचा लांबचा प्रवास, उकाडा, गर्दी. वाटेत बहिणीची आठवण म्हणून जपलेली जपमाळ हरवली, पाय घसरून मान दुखावली. झऱ्याच्या थंड पाण्यात त्या चार वेळा उतरल्या. काही झाले नाही. मुली निराश झाल्या, पोलीनचे तर दुःखाने तोंड उतरले. इकडे लुई घरी चमत्काराच्या बातमीची वाट पाहत होते. झेलीबाई परतल्या त्या हसतमुखाने. मागितलेले मिळाल्यासारख्या, असे पाहून लुईही चकित झाले. परतीच्या प्रवासात मुलींना धीर देण्याचे काम रोग्यालाच करावे लागले होते. वेलांकनीला किंवा जुन्या गोव्याला नवस बोलून रिकाम्या हाताने परत आलेल्या कुटुंबांना ह्या प्रवासाचे वर्णन परके वाटणार नाही.

ऑगस्ट आला. हात वर करवेना, मान वळवता येईना, रात्री झोप नसे. लेसच्या हाती घेतलेल्या मागण्या त्यांनी जवळजवळ शेवटपर्यंत पुऱ्या केल्या. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्या मिस्सेला पायी गेल्या, पावलोपावली थांबत. १६ ऑगस्टला भावाला शेवटचे पत्र लिहिले. धाकट्या दोघींना, आठ वर्षांच्या सेलीनला आणि तेरेजेला, दिवसभर एका नातेवाईक बाईंकडे पाठवीत. एके दिवशी त्या दोघींना एक सुंदर जर्दाळू मिळाले. ते आपण खावयाचे नाही, आईला द्यावयाचे, असे सेलीनने ठरविले आणि घरी आणले. आई आता पृथ्वीवरचे फळ खाण्याच्या पलीकडे गेली होती. तेरेजेने अठरा वर्षांनंतर हे लिहिले तेव्हा ते फळ तिला जसेच्या तसे आठवत होते. २६ ऑगस्टला धर्मगुरूंनी रुग्णाभ्यंग संस्कार दिला, सारी मुले भोवती उभी होती आणि वडील हुंदके देत होते. लिझ्यूहून भाऊ व भावजय आली. बोलणे बंद झाले होते; झेलीबाईंनी भावजयीकडे एकटक पाहिले आणि त्या पाहण्याचा अर्थ भावजयीने नीट ओळखला. २८ ऑगस्ट १८७७ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांनी प्राण सोडला. वय पंचेचाळीस.

सकाळी लुई ह्यांनी तेरेजेला उचलून आईच्या कपाळाचे चुंबन घ्यावयास लावले. ती फारशी रडली नाही, कोणाशी काही बोलली नाही. घाईगडबडीत तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते आणि मोठ्यांना तिच्यापासून लपवावयाचे ते सारे ती पाहत होती. शवपेटीचे झाकण बोळात भिंतीला टेकवून ठेवलेले होते. ती त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. अशी वस्तू तिने पूर्वी पाहिली नव्हती, पण तिला कळले; आणि ती इतकी लहान होती, की ते झाकण पुरते दिसण्यासाठी तिला मान वर करावी लागली.

आपल्याकडे अशा वेळी मुलांना शेजारी नेतात, खाऊ देतात, आई मुंबईला गेली आहे असे सांगतात. हेतू चांगलाच असतो. मुले मात्र झाकणासमोर उभी असतात.

दफनानंतर पाची मुली एकत्र बसल्या असता मोलकरीण धाकट्या दोघींकडे पाहून, बिचाऱ्यांना आता आई उरली नाही, अशा अर्थाचे काही बोलली. सेलीनने मरीच्या गळ्यात हात टाकून तीच आता आपली आई असे जाहीर केले. तेरेजा एरवी सेलीनचे अनुकरण करी. परंतु आता पोलीनला एकटे वाटेल असे मनात येऊन तिने पोलीनच्या छातीवर डोके ठेवले आणि तिला आई केले. मरी तेव्हा सतरा वर्षांची होती, पोलीनला सोळावे पुरे होत होते. एका वाक्यात दोन मुली आया झाल्या. भक्तिपर पुस्तकांत हा प्रसंग फार गोड करून सांगितला जातो. त्या दोघींनीही आईच गमावली होती, आणि त्यांना आई म्हणावयास कोणी उरले नव्हते, हे त्या पुस्तकांत येत नाही. आपल्या गावांतील थोरल्या मुलींच्या वाट्याला हे ओझे आजही सहज येते. तिचे कौतुक होते आणि तिला कसे वाटते ते विचारावयाचे राहून जाते.

लिओनीला कोणी निवडले नाही, आणि तिने कोणाला निवडल्याचे आठवणींत येत नाही.

लुई ह्यांचे वय चोपन्न. त्यांची वृद्ध आई, मित्र, मासेमारीची नदी, बागेतील एकांताची जागा, आणि आता पत्नीची कबर, सारे आलाँसाँमध्ये होते. इसिदोरने सुचविले की मुलींना घेऊन लिझ्यूला यावे. मामी मुलींकडे पाहील, दोन मामेबहिणींची सोबत होईल. झेलीबाईंचीही हीच इच्छा होती. लुई ह्यांनी थोरल्या मुलींशी विचारविनिमय केला आणि आपल्याला गैरसोयीचा असलेला निर्णय मुलींच्या सोयीसाठी घेतला. नोव्हेंबर १८७७ च्या मध्यास कुटुंब ले ब्विसोने नावाच्या, बाग असलेल्या घरात राहावयास आले. लेसचा धंदा आवरून लुई मागाहून आले.

ह्या घराची दिनचर्या साधी होती. मरीने घर चालविले. पोलीन तेरेजेला लिहा-वाचावयास शिकवी, रात्री निजवी. दुपारी वडील धाकटीला घेऊन फिरावयास जात, रोज निराळ्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताची भेट घेत, येताना तिच्यासाठी लहानशी वस्तू घेत. हिवाळ्यात संध्याकाळी पटावर सोंगट्यांचा डाव होई, मग मोठ्या मुली उपासनावर्षावरील ग्रंथातून वाचीत, वडील तेरेजेला मांडीवर घेऊन गात, आणि शेवटी सारी प्रार्थनेला गुडघे टेकीत. प्रार्थनेच्या वेळी तेरेजा वडिलांच्या शेजारी असे. रविवारी मामाकडे जेवण. लुई ह्यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांनी दुःखावर व्याख्यान दिल्याचे कोठे आढळत नाही. ते घरी असत, आणि ठरल्या वेळी असत.

तथापि हे घर सावरले असे म्हणणे घाईचे होईल. आई असताना खेळकर, धीट आणि बोलकी असलेली तेरेजा आई गेल्यापासून बुजरी झाली. कोणी पाहिले तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई आणि रडल्याबद्दल रडू येई. परक्या माणसांत ती मिटून जाई. शाळेत तिचे मन रमले नाही. १८८२ च्या ऑक्टोबरात पोलीन लिझ्यूच्या कार्मेल मठात गेली. तेरेजेने ती बातमी आधी अपघातानेच ऐकली होती. नऊ वर्षांच्या मुलीची ही दुसरी आई गेली होती. पुढल्या वर्षी ईस्टरच्या वेळी वडील दोन मुलींसह पॅरिसला गेले असता मामाने एका संध्याकाळी झेलीबाईंच्या आठवणी काढल्या. मामाने ते मायेनेच केले. तेरेजा रडू लागली, रात्री तिला कंप सुटला आणि मग अनेक आठवडे ती अशा आजाराने अंथरुणाला खिळली की डॉक्टरांनाही उलगडा होईना. १३ मे १८८३ रोजी, पेन्टेकॉस्टच्या रविवारी, बहिणी पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे प्रार्थना करीत असता ती मूर्ती आपल्याकडे पाहून हसली असा अनुभव तेरेजेला आला आणि ती बरी झाली. ही तीच मूर्ती होती जी आलाँसाँच्या घरात आईच्या प्रार्थनेची होती आणि जी कुटुंबाने सोबत आणली होती. आईच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, एका साध्या गप्पांच्या संध्याकाळी, दुःख असे उफाळून आले. वर्षश्राद्धाची मिस्सा झाली म्हणजे शोक आटोपला, असे मानणाऱ्या आपण सर्वांनी हे लक्षात घेतलेले बरे.

तेरेजेच्या मते तिचे ते जुने, धीट मन तिला परत मिळाले ते १८८६ च्या नाताळच्या रात्री. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चुलीजवळ ठेवलेल्या बुटांतील भेटी काढण्याची लहान मुलांची रीत तिच्यासाठी अजून चालू होती. दमलेल्या वडिलांनी, हे आता शेवटचेच वर्ष बरे, अशा अर्थाचे काही पुटपुटले. तिने ते जिन्यावर ऐकले. आता रडणार, असे सेलीनला वाटले. तेरेजेने डोळे पुसले, खाली येऊन हसत हसत भेटी काढल्या आणि वडीलही हसू लागले. आई गेल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती. ह्या प्रसंगाला ती आपले परिवर्तन म्हणते. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही दिसणार नाही.

त्याच ऑक्टोबरात मरीही कार्मेलमध्ये गेली होती. ९ एप्रिल १८८८ रोजी पंधरा वर्षांची तेरेजा गेली. लुई ह्यांनी प्रत्येकीला परवानगी दिली, आणि तेरेजेसाठी तर ते स्वतः तिला घेऊन बिशपांकडे आणि नंतर रोमला गेले. परंतु १८८७ पासून त्यांना पक्षाघाताचे झटके येऊ लागले होते. स्मृती ढासळली; एकदा ते कोणास न सांगता घरातून निघून गेले आणि चार दिवसांनी ल हाव्र बंदरात सापडले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना काँ शहरातील मनोरुग्णालयात ठेवावे लागले आणि ते तेथे तीन वर्षांहून अधिक काळ होते. लिझ्यूत लोक बोलू लागले, की मुली एकामागून एक मठात गेल्या, लाडकी धाकटीही गेली, म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले. हे बोल मठाच्या भिंतीपर्यंत पोहोचत. आईच्या वेळी गावाने सहानुभूती दाखविली होती. वडिलांच्या वेळी गावाने कारणे शोधली. कर्करोगाने माणूस गेला तर शेजारी जेवण घेऊन येतात, आणि मन आजारी झाले तर दार लोटून घेतात. आपला अनुभव फार निराळा नाही. सेलीन आणि लिओनी काही काळ वडिलांजवळ राहता यावे म्हणून काँमध्येच बिऱ्हाड करून राहिल्या. १८९२ मध्ये, पाय पूर्ण लुळे पडल्यावर, त्यांना घरी आणता आले. २९ जुलै १८९४ रोजी सेलीन उशाशी असताना ते गेले. त्या शरदात इसिदोरने झेलीबाईंचे अवशेष आलाँसाँहून लिझ्यूला आणविले. सतरा वर्षांनी पती-पत्नी एका जागी आले.

बाकीचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. सेलीनही कार्मेलमध्ये गेली. तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली, तिच्या आठवणी पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाल्या, १९२५ मध्ये तिला संतपद मिळाले आणि १९२७ मध्ये ती मिशनकार्याची आश्रयदाती संत म्हणून घोषित झाली. आईवडिलांना १९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी, कुटुंबविषयक सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. पती-पत्नींना एकत्र संत घोषित करण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

लिओनीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. जिच्यासाठी आईला जगावयाचे होते, तिने मठप्रवेशाचे तीन प्रयत्न केले आणि तीनही वेळा ती परत आली. कधी प्रकृतीमुळे, कधी नियम न झेपल्यामुळे. मामाच्या घरी ती राहिली. जानेवारी १८९९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, ती काँच्या व्हिजिटेशन मठात चौथ्यांदा गेली आणि मग १९४१ च्या जूनमध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. मावशी ज्या संघाची, त्याच संघात. धुलाई, जेवणाची पंगत, देवघरातील साफसफाई अशी कामे तिने केली. २०१५ मध्ये तिच्याही संतपदाच्या प्रक्रियेस आरंभ झाला.

सर्वांत शेवटी उरली सेलीन. आईसाठी ते जर्दाळू घरी घेऊन आलेली मुलगी मठात म्हातारी झाली. आईवडिलांना संतपद मिळावे म्हणून चौकशीचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. त्याआधीच, ऐंशी उलटल्यावर, तिने वडिलांवर एक आणि आईवर एक अशी दोन छोटी पुस्तके लिहून ठेवली होती. आईची पत्रे तिच्यापाशी होतीच. २५ फेब्रुवारी १९५९ रोजी, आई गेल्यानंतर एक्याऐंशी वर्षांनी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी लिझ्यूच्या कार्मेलमध्ये तिचे निधन झाले.